आमचं यीस्ट रुसलं आहे (घरची फार्महाऊस एल, म्हणजे शेतावरची बिअर)

संत्राबागवाला | १९ जानेवारी, रात्री १०:४०

राजेहो, एक अडचण आहे आणि ती घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहून राहिलो.

मी बेल्जियमात मॉन्सजवळ दोन वर्षं नोकरीला होतो, आता परत घरी, वरुड-मोर्शी पट्ट्यात कुठंतरी (गाव विचारू नका). तिकडं घरमालक म्हाताऱ्यानं मला सेझाँ करायला शिकवली. सेझाँ म्हणजे त्यांच्या वॉलोनी भागातली शेतावरची बिअर. हिवाळ्यात कामं नसताना करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या मजुरांना पाजायची, म्हणून नाव सेझाँ, म्हणजे हंगाम. पार कोरडी, भरपूर फेस, मिऱ्या-लवंगेसारखा वास. मला वाटलं ४६ अंशाच्या आपल्या उन्हाळ्यासाठीच देवानं केली आहे ही, चुकून बेल्जियमात गेली.

तर थर्टीफर्स्टला सगळे बाहेर असताना १८ लिटरचा घाट घातला. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ४ किलो, घरचा गहू भरडून अर्धा किलो. लग्नात पिण्याच्या पाण्याचे जाड जार असतात ना, त्यात ६४ अंशावर दीड तास मुरवलं. उकळलं, हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) टाकले, विहिरीच्या पाण्यात भांडं ठेवून थंड केलं, २४ अंशाला यीस्ट टाकलं. यीस्ट मित्रानं तिकडून आणलेलं, डुपाँ नावाच्या तिकडच्या ब्रुअरीच्या घराण्यातलं, म्हणजे ओरिजिनल सेझाँचं. चार दिवस असा फेस, असा फेस की एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पाण्याचं बूच) बाहेर फेकला गेला. पाचव्या दिवसापासून चिडीचूप.

सुरुवातीला १३.६ ब्रिक्स (साखरेचं माप) होतं. आता ८. दोन आठवडे झाले, आठच्या खाली उतरायला तयार नाही. म्हणजे घनता (पाणी १.००० धरून) १.०५५ वरून १.०३२ वर येऊन बसली आहे आणि जायचं आहे १.००४ च्या आसपास. हलवून पाहिलं, गोधडी घालून पाहिली, दुसरं यीस्ट माझ्याजवळ नाही. फेकून देऊ का?

ता.क. घरी सांगितलं आहे की ड्रममध्ये जीवामृताचं कल्चर आहे.

---

काळी_माती | १९ जानेवारी, ११:०५

आधी जिल्हा सांग. वर्धा असंन तर धागा उडव अन् पळ.

---

वर्धेकर | १९ जानेवारी, ११:१२

आमचा जिल्हा मधात आणू नका भाऊ. आमच्याकडं दारूबंदी आहे त्यामुळं आमच्याकडं कोणी पीत नाही. (हे सरकारी वाक्य आहे, हसू नये.)

---

शनिवारपेठी | २० जानेवारी, सकाळी ७:३०

जिल्ह्याचा प्रश्नच नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली अख्ख्या राज्यात गुन्हा आहे, मग ते १८ लिटर असो वा १८ थेंब, विकायला असो वा स्वतःला. इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर करता येते म्हणून इथेही चालते असा अनेकांचा गोड गैरसमज असतो. शिवाय "थर्टीफर्स्टला" हा शब्द मराठी नाही.

---

संत्राबागवाला | २० जानेवारी, ९:१५

काका, कायद्याचं माहीत आहे म्हणून तर गावाचं नाव सांगितलं नाही. विकणार नाही, वाटणार नाही. एकदा काय ती हौस. आणि थर्टीफर्स्टला मराठीत काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

---

सूक्ष्मजीव | २० जानेवारी, दुपारी १:२०

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, प्यायचं माहीत नाही पण यीस्टचं माहीत आहे :)

ड्रम ठेवलाय त्या खोलीत रात्री किती तापमान असतं?

---

संत्राबागवाला | २० जानेवारी, १:४५

ताई, मागची खोली आहे, वर कवेलू. परवा पहाटे पाहिलं तर खोलीत ११ होतं. दुपारी २७-२८.

---

सूक्ष्मजीव | २० जानेवारी, २:३०

मग रुसणार नाही तर काय करेल!

बघा, बहुतेक एल यीस्टना १८ ते २२ अंश लागतं. हे घराणं उलटं आहे. त्याला ३० च्या वर, काही लोक तर ३५ पर्यंत नेतात. आणि हे चार-पाच दिवस जोरात पळून अर्ध्यात बसण्यासाठी बदनामच आहे, जगभरचे घरी बिअर करणारे याच तक्रारी करत असतात, १.०३० ते १.०३५ च्या मधे अडकलं म्हणून. मग आठवडे घेतं. मेलेलं नसतं. तुमच्याकडं तर सुरुवातीला स्वतःच्याच आंबण्याच्या उष्णतेनं ड्रम गरम राहिला असेल, ती ओसरली आणि वरून रात्री ११ अंश. पेशी थंडीत खाली बसतात, एकदा बसल्या की उठवणं कठीण. नुसतं थंड असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण रोज १६-१७ अंशांचा झोका हा जास्त वाईट.

दुसरं, एअरलॉक काढून टाका आणि तोंडावर स्वच्छ फॉइल सैल ठेवा. या यीस्टला वरचा कार्बन डायऑक्साइडचा दाब सहन होत नाही असं अनुभवी लोक सांगतात. एअरलॉकमधलं दोन बोटं पाणी म्हणजे फार दाब नाही, त्यामुळं मला स्वतःला हे पूर्ण पटलेलं नाही, पण करून पाहायला पैसे लागत नाहीत.

फेकू नका. गरम करा आणि थांबा.

---

वऱ्हाडी_ठेचा | २० जानेवारी, ३:००

कोंबडीच्या पिल्लांले लावते तसा बल्ब लाव ना भाऊ. वर पोतं, आत कुटार. एका रात्रीत ३५.

---

काळी_माती | २० जानेवारी, ३:०४

अन् दुसऱ्या रात्री फायर ब्रिगेड. कुटारात बल्ब ठेवतेत का बे कोणी? आमच्या गावात मागच्या साली अख्खा गोठा गेला असाच.

---

खारपाण | २० जानेवारी, सायं. ६:१०

पाणी कोणतं वापरलं तेही सांगा. आम्ही दर्यापूरकडचे, पूर्णेच्या खोऱ्यातले, आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तर बिअर काय होणार. मी कधी केली नाही पण इडलीचं पीठसुद्धा आमच्याकडं कॅनच्या पाण्यात फुगते आणि बोअरच्या पाण्यात तोंड पाडून बसते. सोयरीक करतानाबी लोक आधी पाणी विचारतेत इकडं.

---

संत्राबागवाला | २० जानेवारी, ६:४०

विहिरीचं आहे, गोडं. डाळ शिजते :)

---

ओस्लोवासी | २१ जानेवारी, रात्री १:५०

मूळ पुसदचा, आता नॉर्वेत. भाऊ, पुढच्या वेळी त्या बेल्जियन नखऱ्याच्या नादी लागूच नका, आमच्या इकडचं क्वाइक वापरा. पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं पिढीजात यीस्ट. व्हॉस गावचं तर ३५ ते ४० अंशात टाकतात आणि दोन-तीन दिवसांत काम खल्लास. ना लवंग ना मिरं, संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, म्हणजे तुमच्या वरुडलाच शोभेल. लोक ते लाकडाच्या कड्यांवर नाहीतर कापडावर वाळवून ठेवायचे आणि एकाचं मेलं की शेजाऱ्याकडून मागून आणायचे. आपल्याकडं विरजण मागायला जातात ना वाटी घेऊन, अगदी तस्संच. लार्श मारिउस गार्शोल म्हणून इथला एक माणूस आहे, त्यानं गावोगाव फिरून हे सगळं लिहून ठेवलं म्हणून जगाला कळलं.

आणि एक गंमत, काही गावांत यीस्ट टाकताना मोठ्यानं ओरडायची पद्धत होती. जितका जोरात ओरडाल तितकी बिअर कडक.

---

झडतीसम्राट | २१ जानेवारी, सकाळी ८:००

ओरडायचं असंन तर पोळ्याच्या झडतीहून भारी काय आहे जगात?

यीस्ट आणलं परदेशी, त्याले थंडी सोसेना
ड्रम झाकला गोधडीनं, तरी बुडबुडा दिसेना
आजी म्हणे जीवामृत, बाप म्हणे झाडाले टाक
मालक बसला ड्रमापाशी, पिऊन नुसतं ताक
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

---

वर्धेकर | २१ जानेवारी, ८:१५

😂😂 हे तोरणाखाली म्हटलं पाहिजे यंदा.

---

मोहफूल | २१ जानेवारी, ११:३०

इतका व्याप कशाला करता हो. आमच्या कुरखेड्याकडं मार्चमध्ये मोह गळायला लागला की पहाटे चारला टोपल्या घेऊन बाया जंगलात. फुलं वाळवायची, पाण्यात भिजवायची, आठवडाभरात आपोआप खदखदायला लागते. यीस्टचं पाकीट नाही, थर्मामीटर नाही. फुलावरच असते ते, नाहीतर जुन्या मडक्यात. माझी आजी मडक्याला कान लावून सांगायची झालं की नाही ते. "पाऊस थांबल्यावानी आवाज आला की झालं" म्हणायची.

गाळायचं मी लिहीत नाही. आमचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून बंद आहे. पण मोहाला नुसती दारू समजू नका, फुलं भाजून खातात, लाडू करतात, टोळीचं (फळाचं) तेल निघतं.

---

आडवी_बाटली | २१ जानेवारी, रात्री ९:२०

मी बराच वेळ लिहू की नको करत होते.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी झाली तेव्हा आमच्या गावात बायांनी साखर वाटली होती. माझी आई त्यात होती. २०२१ ला उठली त्या दिवशी ती जेवली नाही. माझे वडील घरच्याच दारूनं गेले, ४१ व्या वर्षी. तुम्ही सगळे शिकलेले आहात, तुमचं ते माल्ट आणि ब्रिक्स वेगळं असेल, पण "घरी केलेली आहे, मोजून केलेली आहे" हे वाक्य आमच्या घरातही बोललं जायचं. धागा बंद करा असं म्हणत नाही. फक्त सगळे इतके हसत आहात म्हणून लिहिलं.

---

संत्राबागवाला | २१ जानेवारी, १०:३५

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आमच्याही घरात मोठे काका याच्यापायी गेले, म्हणूनच जीवामृत म्हणून सांगावं लागलं. तुम्ही लिहिलंत ते राहू द्या इथं.

---

मोहफूल | २१ जानेवारी, १०:५०

@आडवी_बाटली, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

---

शनिवारपेठी | २२ जानेवारी, सकाळी ७:१५

सहमत. (थर्टीफर्स्टला "वर्षअखेर" म्हणावे.)

---

संत्राबागवाला | ३ फेब्रुवारी, दुपारी ४:००

अपडेट. ड्रम गोठ्याच्या बाजूच्या कोठ्यात हलवला. मोठ्या घंगाळात ड्रम, घंगाळात बंबातलं पाणी ३६-३७ अंशाचं, सकाळ-संध्याकाळ बदलतो, आणि चारी बाजूनं तुरीच्या कुटारानं भरलेली पोती रचली. बल्ब नाही. आत आता २९ ते ३१ धरून आहे, रात्रीसुद्धा. एअरलॉक काढला, फॉइल लावलं.

आजीनं पाहिलंच. म्हणे जीवामृताले बाळंतिणीवानी शेक कायचा चालू आहे? मी म्हटलं हे परदेशी जीवामृत आहे. म्हणे तरीच.

पण ब्रिक्स अजून ७.९. पाच दिवसांत ०.१. जीव जाऊन राहिला माझा.

---

काळी_माती | ३ फेब्रुवारी, ४:३०

तुझ्याजवळ हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) नाही का? ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडं बॅटरीचा असते, रबरी फुग्याचा. तो आण.

---

सूक्ष्मजीव | ३ फेब्रुवारी, ५:१०

तो नको, त्याची पट्टी १.१०० च्या वरून सुरू होते, ॲसिडसाठी. आणि कृपया बॅटरीचं ॲसिड लागलेली वस्तू प्यायच्या गोष्टीत बुडवू नका.

---

काळी_माती | ३ फेब्रुवारी, ५:१२

चव आली असती 😌

---

वऱ्हाडी_ठेचा | ३ फेब्रुवारी, ८:४०

मी म्हणतो गूळ टाक. पावभर गूळ गरम पाण्यात विरघळून. भुकेलं असंन बिचारं.

---

सूक्ष्मजीव | ३ फेब्रुवारी, ९:००

भुकेलं नाही, समोर ताट वाढलेलं आहे तरी खात नाही ही तक्रार आहे. बेल्जियन लोक साखर टाकतात ते खरं आहे, त्यानं बिअर पातळ आणि कोरडी होते, पण ते उकळताना किंवा आंबणं जोरात असताना. आत्ता टाकलं तर तेवढाच गूळ खाऊन परत झोपेल.

---

दूधवाला_मास्तर | ११ फेब्रुवारी, सायं. ७:५०

मी दूध संकलन केंद्र चालवतो. दारूतलं मला काही कळत नाही, धागा झडतीसाठी वाचत होतो. पण एक शंका आहे.

तुम्ही ब्रिक्स मोजता कशानं? संत्र्याची गोडी पाहायचा तो काचेचा दुर्बिणीसारखा असतो, त्यानंच ना? रिफ्रॅक्टोमीटर? तो तर साखर मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते पाहतो. संत्र्याच्या रसात मुख्यतः साखर आणि पाणी असते म्हणून आकडा जवळपास बरोबर येते. तुमच्या ड्रममध्ये आता अल्कोहोल झालं असंन, ते पण प्रकाश वाकवते. मग तो आकडा साखरेचा कसा धरता?

आमच्याकडं लॅक्टोमीटर आहे. तो तरंगतो, त्याला प्रकाशाचं देणंघेणं नाही. ३२ आकडा म्हणजे १.०३२, दुधाचा तसाच येते. एका उंच ग्लासात तुमचं ते औषध घ्या, चहा वरखाली करतो तसं दोन ग्लासांत करून गॅस घालवा (बुडबुडे लागले की लॅक्टोमीटर वर उचलला जातो, गवळी हीच युक्ती करतेत), लॅक्टोमीटरवर लिहिलेलं असते त्या तापमानाला येऊ द्या अन् सोडा. ३२ आला तर तुमचं यीस्ट रुसलं. खाली आला तर तुम्ही उगाच रुसले.

---

सूक्ष्मजीव | ११ फेब्रुवारी, ८:१५

मास्तर, तुम्ही माझी नोकरी घ्या.

अक्षरशः कपाळावर हात मारला मी. पहिल्याच पोस्टमध्ये "ब्रिक्स" लिहिलं होतं आणि मी वाचून पुढे गेले. अल्कोहोल पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळं आंबल्यावर रिफ्रॅक्टोमीटर नेहमी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. त्यासाठी सुरुवातीचा आकडा आणि आताचा आकडा घेऊन सुधारणा करायचं सूत्र आहे. आत्ता करून पाहिलं: १३.६ वरून ८ म्हणजे १.०३२ नाही. १.०१६ च्या आसपास.

---

संत्राबागवाला | ११ फेब्रुवारी, ८:२२

म्हणजे तीन आठवडे मी बापाच्या संत्र्याच्या यंत्रावर विश्वास ठेवून गरम पाण्याच्या बादल्या वाहिल्या??

---

सूक्ष्मजीव | ११ फेब्रुवारी, ८:३०

बादल्या वाया नाही गेल्या. १.०१६ लाही हे यीस्ट थांबायला नको, त्याला १.००२ ते १.००६ पर्यंत जायचं असतं. म्हणजे थोडं यीस्टही रुसलं होतं आणि बरंचसं यंत्र खोटं बोललं. आणि आंबताना रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा खऱ्यापेक्षा हळू उतरतो, त्यामुळं ८ वरून ७.९ म्हणजे काहीच झालं नाही असं समजू नका. तरंगणारं काही मिळवा.

---

संत्राबागवाला | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

गावातल्या डेअरीतून लॅक्टोमीटर मागून आणला. "म्हशीच्या दुधात पाणी आहे का पाहायचं" म्हटलं. डेअरीवाला म्हणे तुमच्या घरी म्हैसच नाही.

आकडा १४!!! म्हणजे १.०१४! मास्तर, तुमच्या पाया पडतो.

---

दूधवाला_मास्तर | १४ फेब्रुवारी, १२:४०

आता तो लॅक्टोमीटर नीट गरम पाण्यानं धुऊन परत द्या. दुधाला वास लागला तर शेतकऱ्याचं दूध परत जाईल अन् शिव्या मला बसतील.

---

झडतीसम्राट | १४ फेब्रुवारी, १:००

व्हॅलेंटाइन डेला माणूस लॅक्टोमीटर घेऊन ड्रमापाशी बसला आहे. लग्न जमवा रे याचं कोणी.

---

खारपाण | १५ फेब्रुवारी, ९:३०

विषय निघालाच आहे तर, ज्वारीची करता येईल का हो अशी? माल्ट मागवायचं म्हणजे खर्च लय, घरी ज्वारी पडून आहे. आमच्याकडं आंबील करतेच आई. आफ्रिकेत ज्वारीची बिअर असते म्हणे.

---

सूक्ष्मजीव | १५ फेब्रुवारी, १०:१५

असते, पण सोपं नाही. एकतर ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुगतो, त्या तापमानाला मोड आलेल्या धान्यातले विकर टिकत नाहीत. म्हणजे स्टार्च आधी शिजवायचा, मग थंड करून विकर द्यायचे, दोन टप्पे. दुसरं जास्त महत्त्वाचं: ज्वारीच्या मोडात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. मोड आणि मुळं वाळवून, चोळून पूर्ण काढून टाकावी लागतात. कोवळी ज्वारी खाऊन ढोरं मरतात ते यामुळंच. नुसत्या पिठाच्या आंबिलीला हा प्रश्न नाही, ती बिनधास्त प्या.

---

खारपाण | १५ फेब्रुवारी, १०:२०

आंबीलच बरी.

---

संत्राबागवाला | ५ मार्च, रात्री ९:४५

आज लॅक्टोमीटर पार तळाला टेकला, आकडाच दिसत नाही. (डेअरीवाल्यानं दुसऱ्यांदा देताना माझ्याकडं असं पाहिलं.) आता उन्हानंच कोठ्यात दुपारी ३४ होते, घंगाळ बंद केलं. वास आहाहा, मिरं, थोडी लवंग, थोडं कापलेलं गवत. आता बाटल्यांत भरू का? सोडावाल्याकडच्या गोटीच्या बाटल्या मिळतात.

---

सूक्ष्मजीव | ५ मार्च, १०:००

थांबा! काचेच्या अजिबात नाही.

या यीस्टमध्ये एसटीए-१ नावाचा जीन असतो, इतर यीस्ट जे मोठे साखरेचे तुकडे सोडून देतात तेही हे हळूहळू तोडून खातं. म्हणजे बाटलीतही काम चालूच. साधारण हिशेब: बाटलीत एक-एक अंक (०.००१) उतरला की बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका गॅस. तुम्ही जानेवारीत १.०१६ ला "संपलं" समजून भरलं असतं तर १२ अंकांचा सहापट गॅस, वरून फेसासाठी टाकलेली साखर. कोलाच्या बाटलीत चारपटही नसतो. कोठ्यात कोणी गेलं असतं तर काचा डोळ्यांत.

खरा हायड्रोमीटर मागवा. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा सारखा आकडा आला तरच भरा, आणि कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत. त्या दाबून कळतं किती कडक झाल्या ते.

---

वऱ्हाडी_ठेचा | ५ मार्च, १०:१०

बाई बरोबर सांगून राहिल्या. माझ्या मामीचं आवळ्याचं सरबत फुटलं होतं माळ्यावर, आजपण भिंतीवर डाग आहे.

---

संत्राबागवाला | २६ मार्च, सायं. ७:२०

हायड्रोमीटर आला. १२ तारखेला १.००४, आज १.००४. (तापमान पाहून, ताई. कोठ्यात ३६ होतं, गरमीत आकडा कमी दिसते म्हणून ग्लास माठाशेजारी ठेवून २० ला आणला.) ११० ग्रॅम साखर उकळून १७ लिटरला, प्लास्टिकच्या बाटल्यांत भरली. एक लिटर गाळात गेली.

---

शनिवारपेठी | २७ मार्च, सकाळी ७:०५

कायदा अजून १९४९ चाच आहे. पण चिकाटी वाखाणण्यासारखी. चव कशी ते कळवावे, केवळ माहितीसाठी.

---

काळी_माती | २७ मार्च, ७:३०

काकाले तहान लागली.

---

संत्राबागवाला | १९ एप्रिल, रात्री १०:१५

आज उघडली. बाहेर दिवसा ४३ होतं. बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरच्या समोर ठेवली होती, फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही. फेस अर्धा ग्लास, रंग गव्हाच्या काडीचा. पहिल्या घोटाला सुंठीसारखं चरचरते, मग एकदम कोरडं, गोडाचा मागमूस नाही. घरमालक म्हाताऱ्याच्या हातची याहून मऊ होती, माझी जरा खडबडीत आहे, सुरुवातीच्या थंडीचा परिणाम असंन. हिशेबानं साडेसहाच्या थोडी वर आहे, म्हणून अर्धाच ग्लास घेतला आणि बसलो बाजेवर.

मागून बाबा आले. मला वाटलं गेलो आता. ते काही बोलले नाहीत. ग्लास उचलला, हुंगला, ठेवला. म्हणे, "हेच का ते परदेशी जीवामृत?" मी गप. म्हणे, "तुझा काका असाच बाजेवर बसे." अन् आत गेले.

बाकीच्या बाटल्यांचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही.

---

आडवी_बाटली | १९ एप्रिल, १०:५०

वाचलं.

---

दूधवाला_मास्तर | २० एप्रिल, सकाळी ६:४०

बाकी सगळं ठीक, पण वडिलांचा रिफ्रॅक्टोमीटर पुसून परत दिला का? काच चिकट राहिली तर चुकीचा आकडा येते.

---

संत्राबागवाला | २० एप्रिल, ७:१०

मास्तर, आता सांगतो. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री तोडायच्या आधी बाबांनी तो मागून नेला होता. त्या दिवशी दोन-तीन फळांचं १७ ब्रिक्स आलं म्हणून व्यापाऱ्यासमोर लय खुश होते. मी तेव्हा काही बोललो नाही.